पलीकडच्या टोकाला मोजा
वाचकांचे प्रश्न : रीटायमर, ट्रान्समीटरचे टॅप आणि टेस्ट पॅटर्न

गेल्या अंकात मी रीटायमर चिपवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. बोर्डावर किंवा केबलच्या मध्ये बसणारी ही चिप वाटेत थकून आलेले बिट वाचते आणि नव्या घड्याळावर, नव्या ताकदीने पुढे पाठवते, एवढंच त्यात होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं दोनच गोष्टी विचारतात : ट्रान्समीटरच्या इक्वलायझेशनचं, म्हणजे वाटेत होणारी सिग्नलची झीज भरून काढायच्या सोयीचं, काय करायचं, आणि चिपमध्येच दिलेला टेस्ट पॅटर्न जनरेटर कसा वापरायचा. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : मॅडम, मी कलाभवनात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टच्या बोर्डावर रीटायमर आहे. त्याच्या ट्रान्समीटरला प्री, मेन आणि पोस्ट असे तीन टॅप (पुढच्या, आत्ताच्या आणि मागच्या बिटाला दिलेली वजनं) आहेत. पोस्ट टॅप वाढवला की स्कोपवर सिग्नल लहान होतो आणि आय डायग्राम (बिट एकावर एक ठेवून दिसणारं, डोळ्यासारखं उघडं चित्र) आणखी बिघडलेला दिसतो. इक्वलायझेशनने सिग्नल सुधारायला हवा ना? – एक विद्यार्थिनी, कारेलीबाग

उत्तर : तुला दिसतंय ते अगदी बरोबर आहे. तू पाहतेस ती जागा तेवढी चुकली आहे. तुझा प्रोब रीटायमरच्या पायांशी आहे, आणि ही सगळी खटपट तिथल्यासाठी नसतेच. ती बोर्डावरचा ट्रेस (तांब्याची वाट) संपतो तिथल्या, म्हणजे समोरच्या रिसीव्हरच्या पायांसाठी असते.

बोर्डावरच्या ट्रेसमधून जाताना सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्या झिजत नाहीत. स्किन इफेक्टमुळे तांब्यात होणारी झीज फ्रीक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एफआर-४ सारख्या लॅमिनेटमध्ये (बोर्डाच्या मूळ पाटीत) होणारी झीज थेट फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १०१०१० असे भराभर बदलणारे बिट पार दुबळे होऊन पोचतात आणि ११११११ अशी सलग ओळ बरीचशी शाबूत राहते. आता अशा लांब ओळीनंतर एकटा ० आला तर काय होईल? लाइन वर चढून बसलेली असते. एका बिटाच्या वेळात ती मधल्या रेषेखाली उतरूच शकत नाही, आणि तो ० रिसीव्हरला १ दिसतो. पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे संगणकात प्रोसेसर आणि कार्डं जोडणाऱ्या मानकाच्या, चौथ्या पिढीत एका बिटाचा वेळ ६२.५ पिकोसेकंद आहे, आणि पूर्ण वाटेवर ८ गिगाहर्ट्झला सुमारे २८ डेसिबलची झीज गृहीत धरलेली आहे. २८ डेसिबल म्हणजे व्होल्टेज जवळजवळ पंचविसाव्या हिश्श्यावर येतं.

यावर सरळ उपाय वाटतो तो जोरात पाठवण्याचा. पण ट्रान्समीटरच्या व्होल्टेजला वरची मर्यादा आहे. तिन्ही टॅपच्या मूल्यांची बेरीज, चिन्हं सोडून, कायम तेवढीच राहते. म्हणून दुबळ्या बिटांना वर उचलता येत नाही. जे बिट आपसूक नीट पोचणार आहेत त्यांना निघतानाच खाली आणावं लागतं. जुन्या वाड्याच्या लांबलचक दिवाणखान्यात कीर्तन करणारे बुवा शब्दाचा पहिला वर्ण ठासून म्हणतात आणि पुढचे लांबणारे स्वर आवरते घेतात, म्हणून शेवटच्या ओळीतल्या आजींनाही शब्द कळतो. पोस्ट टॅप तेच करतो. बुवांच्या शेजारी बसलेल्या पेटीवाल्याला मात्र ते म्हणणं तुटक वाटतं, आणि तुझा प्रोब आत्ता त्या पेटीवाल्याच्या जागेवर आहे.

आकडे घालून बघ. प्री उणे ०.१, मेन ०.७, पोस्ट उणे ०.२ घे. चिन्हं सोडून बेरीज १ होते. १ या बिटाला अधिक १ आणि ० या बिटाला उणे १ मान. बाहेर पडणारं मूल्य म्हणजे मेन गुणिले आत्ताचा बिट, प्री गुणिले पुढचा बिट आणि पोस्ट गुणिले मागचा बिट, या तिघांची बेरीज. सलग १ च्या ओळीच्या मधोमध हे ०.७ – ०.१ – ०.२, म्हणजे ०.४ होतं. ओळीतल्या पहिल्या १ ला मागचा बिट ० असल्याने ०.२ उलट अधिक होतात : ०.८. ओळीतल्या शेवटच्या १ ला पुढचा बिट ० असल्याने ०.६. आणि १०१० मध्ये प्रत्येक बिटाला पूर्ण १ मिळतो. म्हणजे भराभर बदलणाऱ्या बिटांचं काहीच कमी झालं नाही. कमी झालं ते सलग ओळीचं. ०.८ वरून ०.४ म्हणजे उणे ६ डेसिबल डी-एम्फसिस, आणि ०.४ वरून ०.६ म्हणजे साडेतीन डेसिबल प्रीशूट. पीसीआय एक्सप्रेसमध्ये तिसऱ्या पिढीपासून पी-० ते पी-१० असे अकरा प्रीसेट, म्हणजे टॅपच्या मूल्यांचे आधीच ठरवलेले संच, आहेत. त्यातला पी-७ म्हणजे हेच आकडे. पी-४ मध्ये प्री आणि पोस्ट दोन्ही शून्य असतात.

जवळच्या टोकाचं मोजमाप वाया जात नाही, ते दुसऱ्या कामाला येतं. जनरेटरमधून आठ १ आणि आठ ० असा चौकोनी पॅटर्न सोड आणि प्रोब आहे तिथेच ठेव. पायरीवर तुला वरचे तिन्ही टप्पे दिसतील : पहिला उंच, मधले सपाट, शेवटचा थोडा वर उचललेला. त्यांच्या गुणोत्तरावरून रजिस्टरमध्ये लिहिलेलं मूल्य खरंच बाहेर पडतंय की नाही, हे तपासता येतं. १० गिगाबिटच्या बॅकप्लेन इथरनेटमध्ये, म्हणजे २००७ च्या ८०२.३एपी मानकात, टॅप मोजण्याची पद्धत हीच आहे. प्रोजेक्टच्या अहवालात हे चित्र आणि दूरच्या टोकाचा आय डायग्राम शेजारी शेजारी लाव. परीक्षकांना तुझं काम त्या एका पानावर कळेल.

अजून एक. पोस्ट टॅप वाढवत नेला की दूरच्या टोकाला आय आधी उघडतो आणि मग पुन्हा मिटायला लागतो. समोरच्या रिसीव्हरमध्येही सीटीएलई आणि डीएफई नावाचे त्याचे स्वतःचे इक्वलायझर असतात. तेही तीच झीज भरून काढत असतात. दोघांनी मिळून गरजेपेक्षा जास्त केलं तर सिग्नल प्रत्येक बदलाला उसळी मारतो. तुझ्या बोर्डावर ट्रेस आखूड असेल तर पोस्ट टॅप कमीच लागेल.

प्रश्न : मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. आमच्या २ मेगाबिटच्या पीसीएम लाइनवर केबलच्या वाटेत रीजनरेटर असायचे. तुमचा रीटायमर तोच का? आणि मग रीड्रायव्हर म्हणून जे विकतात ते काय? आमच्या टेस्टरवर '२ चा १५ वा घात वजा १' असा पॅटर्न असे, तो अजून चालतो का? – दांडिया बाजार

उत्तर : काका, तोच. जंक्शन केबलवर साधारण दोन-दोन किलोमीटरला बसणारा आपला रीजनरेटर सिग्नल वाढवायचा, त्याला आकार द्यायचा आणि वेळेत बसवायचा. रीटायमर हीच तीन कामं करतो. आपला वेग सेकंदाला २०.४८ लाख बिट होता, आता पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या एका लेनचा (लिंकमधल्या एका समांतर वाटेचा) १६ अब्ज आहे, म्हणजे सुमारे ७,८०० पट. त्यामुळे किलोमीटरचे सेंटिमीटर झाले आणि जमिनीखालचं खोकं नखाएवढ्या चिपमध्ये आलं.

रीड्रायव्हरला घड्याळ नसतं. तो आलेला सिग्नल उंच फ्रीक्वेन्सीला थोडा जास्त, खालच्या फ्रीक्वेन्सीला थोडा कमी वाढवून पुढे ढकलतो. त्यासोबत आलेला गोंगाटही वाढतो आणि वेळेतली थरथर तशीच पुढे जाते. तो स्वस्त असतो, त्याचा उशीर नगण्य असतो आणि आखूड वाटेला तो पुरतो. लांब वाटेला माझा कौल रीटायमरलाच. पीसीआय एक्सप्रेसमध्ये एका लिंकवर जास्तीत जास्त दोन रीटायमर चालतात, हे लक्षात असू द्यावं.

आपला पॅटर्न अजून जिवंत आहे. ३२,७६७ बिटांची ती माळ आता पीआरबीएस-१५ (यादृच्छिक भासणारी, पण ठरावीक नियमाने बनणारी माळ) म्हणून चिपच्या मेनूत दिसते. आपल्याकडे तो टेस्टर अजून असेल आणि एखाद्या कॉलेजला द्यायची इच्छा असेल, तर कृपया जरूर कळवा. मुलांना त्याच्या मागच्या बाजूचे कनेक्टर हाताने लावून पाहू द्यायला मला फार आवडेल.

प्रश्न : ताई, मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. औद्योगिक संगणकांचे बोर्ड तयार करतो. पीसीआय एक्सप्रेस चौथ्या पिढीची चार लेनची लिंक आहे : प्रोसेसर, मग रीटायमर, मग केबल, मग कार्ड. रीटायमरच्या जनरेटरमधून पीआरबीएस-७ सोडला, कार्डाकडे चुका मोजल्या. एकेक लेन, प्रत्येकी अर्धा मिनिट. एकही चूक नाही. माल 'पास' करून पाठवला. गिऱ्हाइकाकडे लिंक अधूनमधून १६ गिगाबिटच्या वेगावरून ८ वर उतरते. पुरवठादार म्हणतो रीटायमर खराब आहे, सगळ्या बोर्डांवर बदला. बदलू का? – एक उद्योजक

उत्तर : नका बदलू, दादा. निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रात रीटायमर खराब असल्याचा एकही पुरावा नाही. तुमची चाचणी ज्या गोष्टींबद्दल काहीच बोलत नाही अशा चार गोष्टी मात्र आहेत. तुमचा पैसा आणि गिऱ्हाइकाचा विश्वास दोन्ही पणाला आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वाट बघा. जनरेटर रीटायमरच्या आत, ट्रान्समीटरच्या तोंडाशी आहे. तिथून निघालेला पॅटर्न केबलमधून कार्डाकडे जातो. प्रोसेसर ते रीटायमर हा बोर्डावरचा अर्धा रस्ता या चाचणीत आलाच नाही. त्या बाजूचा रीटायमरचा रिसीव्हर, त्याचा सीटीएलई, त्याची घड्याळ पकडण्याची सोय, सगळं बाजूला पडलं. शिवाय पॅटर्न चिपच्या स्थानिक घड्याळावर तयार होत असेल, तर प्रोसेसरकडून येणारी थरथरही त्यात येत नाही. दोन्ही टोकांची घड्याळं एकमेकांपेक्षा किंचित वेगळी चालतात. प्रत्येकाला ३०० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ३०० ची, मोकळीक आहे. हा फरक भरून काढायला खऱ्या वाहतुकीत मधूनमधून खास भरतीचे बिट घालतात. नुसत्या पीआरबीएसमध्ये ते नसतातच. म्हणून माझा पहिला संशय त्या न तपासलेल्या अर्ध्या रस्त्यावर आहे. उलट दिशेचीही तीच गोष्ट : कार्डाकडून प्रोसेसरकडे जाणारे बिट तुम्ही मोजलेलेच दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट पॅटर्नची. पीआरबीएस-७ म्हणजे १२७ बिटांची माळ, पुन्हा पुन्हा तीच. तिच्यात सलग १ जास्तीत जास्त सात आणि सलग ० सहा येतात. पहिल्या दोन पिढ्यांत ८बी-१०बी कोडिंग (८ बिटांचे १० करून पाठवणं) होतं, पाचपेक्षा जास्त सारखे बिट सलग येतच नसत, तेव्हा ही माळ पुरेशी होती. तिसऱ्या पिढीपासून १२८बी-१३०बी आणि २३ टप्प्यांचा स्क्रॅम्बलर (बिट विस्कटणारी सोय) आला, आणि त्यातून याहून कितीतरी लांब ओळी निघू शकतात. १६ च्या वेगाला पीआरबीएस-७ मधली सर्वांत खालची फ्रीक्वेन्सी सुमारे १२६ मेगाहर्ट्झ येते. त्याच्या खाली काहीच नाही. म्हणजे वाटेतल्या कपॅसिटरमुळे सिग्नलची मधली रेषा सरकते का, हे या पॅटर्नने कधीच कळणार नाही. पीआरबीएस-३१ मध्ये तीच खालची सीमा साडेसात हर्ट्झच्या आसपास जाते.

परावर्तनाचंही बघा. बोर्डाच्या लॅमिनेटमध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर जातो. रीटायमर आणि केबलचा कनेक्टर यांत १० सेंटिमीटर असतील आणि दोन्हीकडे थोडा थोडा सिग्नल मागे फिरत असेल, तर तो २० सेंटिमीटर जास्त फिरून येतो. हे १.३३ नॅनोसेकंद झाले, म्हणजे २१ बिटांनंतरचा बिट आधीच्या बिटाच्या पडछायेत वाचला जातो. सात बिटांपलीकडची सगळी जुळवाजुळव ज्या माळेत नाही, ती माळ हा त्रास पूर्णपणे बाहेर काढू शकत नाही. मी पीआरबीएस-७ फक्त वायर जोडली आहे का, हे बघायला वापरते. 'पास' म्हणायचं तर पीआरबीएस-३१.

तिसरी गोष्ट : एकेक लेन. खऱ्या कामात चारही लेन एकदम बोलतात आणि शेजारच्या लेनची गळती तुमच्या लेनमध्ये येते. चारही लेनवर एकाच वेळी पॅटर्न सोडा, पण प्रत्येकीचा आरंभबिंदू वेगळा ठेवा. सगळ्या लेन पावलाला पाऊल लावून चालल्या तर शेजारणीचा त्रास नेहमी एकाच जागी पडतो, आणि खऱ्या परिस्थितीची कल्पना येत नाही.

चौथी गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. चाचणीच्या वेळी टॅप तुम्ही हाताने लिहिले होते. खरी लिंक चालू होते तेव्हा ते मूल्य कुणी वापरत नाही! समोरासमोरचे दोघे आपसात बोलून ठरवतात : रिसीव्हर 'जरा पोस्ट वाढव, प्री कमी कर' असं सांगतो आणि ट्रान्समीटर तसं करतो. रीटायमर मध्ये असेल तर ही बोलणी दोन्ही भागांत स्वतंत्र होतात. त्यामुळे तुम्ही पी-७ वर पास केलेला बोर्ड गिऱ्हाइकाकडे दर चालू-बंदला थोड्या वेगळ्या मूल्यावर बसू शकतो. 'अधूनमधून' या तुमच्या शब्दामुळे माझा दुसरा संशय इथे आहे. लिंक चांगली बसली असताना आणि खाली उतरल्यावर, दोन्ही वेळी ठरलेले टॅप रजिस्टरमधून वाचून शेजारी लिहा. दोन्हीकडे मोठा फरक दिसला तर चिप न बदलता, सुरुवातीचा प्रीसेट बदलून प्रश्न सुटण्याची बरीच शक्यता आहे.

आणि चौथ्या पिढीपासून लेन मार्जिनिंगची सोय सक्तीची आहे, ती वापरा. चालू लिंकवर, खऱ्या वाहतुकीत, रिसीव्हर आपला वाचण्याचा क्षण थोडा डावीकडे-उजवीकडे सरकवून किती मोकळी जागा उरली आहे ते सांगतो. रीटायमरलाही ते करता येतं, दोन्ही बाजूंनी. रस्त्याचे दोन भाग आणि प्रत्येकाच्या दोन दिशा, असे चारही आकडे मांडले की सर्वांत अरुंद जागा कुठे आहे ते स्पष्ट दिसेल. प्रोसेसर ते रीटायमर हा भाग अरुंद निघाला, तर तुम्ही बदलायला निघालेला रीटायमर बिचारा बहुधा निर्दोष आहे. दोष बहुधा बोर्डाच्या आखणीत आहे. हे आकडे हातात घेऊन पुरवठादाराशी बोला.

प्रश्न : पीआरबीएस जर यादृच्छिक असतो, तर समोरच्या टोकाला चूक झाली हे कसं कळतं? दोन्हीकडे सारखी यादी साठवलेली असते का? – पॉलिटेक्निकमधील शिक्षक, रावपुरा

उत्तर : सर, यादी साठवलेली नसते; नियम साठवलेला असतो. पीआरबीएस-७ साठी सात टप्प्यांचं शिफ्ट रजिस्टर घ्या. सातवा आणि सहावा टप्पा यांचा एक्सॉर काढून पहिल्यात सोडा, आणि घड्याळ चालू ठेवा. १२७ पावलांत सगळ्या अवस्था येऊन जातात, फक्त सातही शून्यं ही अवस्था सोडून, कारण त्यात अडकलं की बाहेर पडता येत नाही. पीआरबीएस-३१ ला एकतिसावा आणि अठ्ठाविसावा टप्पा घेतात. त्याची माळ २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ बिटांची होते. इतकी लांब माळ साठवायला कुणी जाणार नाही, पण ती तयार करायला ३१ फ्लिपफ्लॉप आणि एक गेट पुरतं. मुलांना हे ब्रेडबोर्डवर एलईडी लावून दाखवा, वर्ग हलायचा नाही.

समोरचा तपासनीस पहिले सात बिट आपल्या रजिस्टरमध्ये भरतो आणि त्याच नियमाने आठवा काय यायला हवा ते आधीच सांगतो. तोच आला तर ठीक, नाही तर चूक. पण इथे तीन खाचखळगे आहेत, आणि मुलांना ते सांगायलाच हवेत.

तपासनीसाचं रजिस्टर सतत आलेल्या बिटांनीच भरलं जात असेल, तर एक चुकीचा बिट तीनदा मोजला जातो : एकदा आल्यावर, मग सहाव्या टप्प्यावर पोचल्यावर, मग सातव्यावर. चुकांचा आकडा तिनाच्या पटीत दिसू लागला की हाच प्रकार समजावा. एकदा सूर जुळल्यावर रजिस्टर स्वतःच्या नियमावर मोकळं चालवलं की हा प्रश्न राहत नाही.

लाइन तुटली आणि रिसीव्हरला सगळी शून्यं दिसू लागली, तर साध्या तपासनीसाचं भाकीतही शून्य येतं आणि तो आनंदाने 'चूक नाही' सांगतो. चांगल्या चिपमध्ये याची वेगळी खूण असते. ती नसेल तर जनरेटरमधून मुद्दाम एक चूक सोडा. मोजणी वाढली नाही तर आधीच्या सगळ्या शून्यांवर काट मारा.

आणि जोडीतल्या दोन वायरी उलट लागल्या तर प्रत्येक बिट उलटा येतो. मग सूरच जुळत नाही किंवा चुकांचा पूर येतो. चिप बदलण्याआधी पोलॅरिटीचं रजिस्टर बदलून पाहावं.

प्रश्न : चाचणी किती वेळ चालवायची? – मांजलपूर

उत्तर : एक लाख कोटी बिटांत एकापेक्षा जास्त चूक नको, अशी अट असेल तर एकही चूक न येता ३ लाख कोटी बिट गेले पाहिजेत. तेव्हा ९५ टक्के खात्रीने अट पाळली असं म्हणता येतं. १६ च्या वेगाला हे ३ मिनिटं ८ सेकंदांत होतं, ८ च्या वेगाला ६ मिनिटं १५ सेकंदांत. मध्ये एक चूक आली तर तेवढ्याच खात्रीसाठी सुमारे ४ लाख ७४ हजार कोटी बिट लागतात. वरच्या मकरपुऱ्याच्या अर्ध्या मिनिटात एका लेनवरून जेमतेम ४८ हजार कोटी बिट गेले, म्हणजे गरजेच्या सहाव्या हिश्श्याइतकेच. हजारपट कडक अट हवी असेल तर १६ च्या वेगालाही ५२ तास लागतात. आणि दांडिया बाजारच्या काकांच्या २ मेगाबिटच्या लाइनवर पहिली अट तपासायलाच १७ दिवस लागले असते.

प्रश्न : ताई, कुणी पी-७ सांगतं, कुणी पी-४, कुणी म्हणतं चिपवर सोडून द्या. एकच चांगला प्रीसेट सांगा ना. – प्रतापनगर

उत्तर : न बघितलेल्या बोर्डाचा प्रीसेट मी सांगणार नाही. तो सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. आखूड ट्रेसला पी-४ उत्तम असेल, आणि तोच पी-४ लांब केबलला बंद पाडेल.

मी काय करते ते सांगते. प्री आडवा, पोस्ट उभा असा तक्ता आखायचा. प्रत्येक चौकटीत तेवढी मूल्यं लिहून, पीआरबीएस-३१ सोडून, सगळ्या लेन चालू ठेवून, दूरच्या टोकाला आयची उंची आणि रुंदी लिहायची. चुकांची संख्या लिहून उपयोग नाही, कारण मधल्या बहुतेक चौकटींत ती शून्यच येते आणि काही कळत नाही. तक्ता भरला की मधोमध चांगल्या आकड्यांचं एक पठार दिसतं. त्यातली सर्वांत मोठ्या आकड्याची चौकट घेऊ नका, विशेषतः ती कडेला असेल तर. पठाराच्या मध्यावरची चौकट घ्या, जिच्या चारही शेजारणी चांगल्या आहेत.

हे एवढं आग्रहाने सांगण्याचं कारण आपलं हवामान आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, आणि तापलेल्या लॅमिनेटमधली झीजही वाढते. म्हणजे जानेवारीत बाकावर मोजलेला बोर्ड मे महिन्यात बंद कॅबिनेटमध्ये वेगळा वागतो. आणि एफआर-४ ओलावा शोषतं. वडोदऱ्यात विश्वामित्री नदीला पाणी चढतं त्या दिवसांत आपल्याकडची हवा कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. ओलावलेल्या लॅमिनेटमध्ये उंच फ्रीक्वेन्सीची झीज आणखी वाढते आणि पठार जास्त पोस्टच्या दिशेने सरकतं. कडेवरची चौकट निवडली असेल तर तेवढ्या सरकण्यानेही लिंक घसरते. त्यामुळे एक तक्ता थंड कोरड्या बोर्डाचा आणि एक गरम बोर्डाचा, असे दोन काढा आणि दोन्हींत चांगली राहणारी चौकट निवडा. लिंक स्वतः टॅप ठरवत असेल तर तीच चौकट सुरुवातीचा प्रीसेट म्हणून द्या, म्हणजे बोलणी तिथून जवळच संपतील.

तक्ता मला पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, मी वाचून उत्तर देईन. पण सोबत चार गोष्टी हव्यात : ट्रेसची लांबी आणि लॅमिनेटचं नाव, वाटेतले कनेक्टर आणि व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी भोकं) किती, मोजताना बोर्डाचं तापमान, आणि प्रोब कुठे लावला होता.